पाचपाखाडीच्या ताईंचा कॅनेडियन स्टार्टर बॉक्स, दोनदा मागवून झाल्यावर

आधी महत्त्वाचं सांगते, पेरोगी (बटाटा-चीजचं सारण भरून उकडलेल्या, मग लोण्यात परतायच्या करंज्या) मागवा. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि 24 नाही 36 मागवा, कारण आमच्याकडे 24 नग वीस मिनिटांत संपले आणि नणदेच्या मिस्टरांच्या वाट्याला दोनच आले, ते काही बोलले नाहीत पण माझ्या मनाला लागून राहिलं.

आता नीट सांगते. माझे धाकटे दीर गेली 14 वर्षं कॅनडात एडमंटनला आहेत, दोन्ही मुलांचा जन्म तिकडचाच. यंदा डिसेंबरच्या सुट्टीत सगळे आमच्याकडे ठाण्याला आले, वसंत विहारला. पहिला आठवडा खाण्यातच गेला, वडापाव झाला, तलावपाळीवरची कुल्फी झाली, मामलेदारची मिसळ झाली (मुलांना कमी तिखट सांगूनसुद्धा डोळ्यातून पाणी आलं, पण दोघांनी प्लेट संपवली, त्याचं मला कौतुक आहे). मग एक दिवस पुतणी हळूच म्हणाली, काकू इकडे आपलं तिकडचं काही मिळतं का गं. आता "आपलं तिकडचं" हे ऐकून मला एकदम गलबलून आलं. आपण बाहेरगावी गेलो की चार दिवसांत वरणभात आठवतो, तसंच तिलाही होत असणार ना.

दहा माणसं, सासूबाईंचे गुडघे आणि शनिवार संध्याकाळचा घोडबंदर रोड, म्हणून बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. नौपाड्यातल्या मैत्रिणीने या ताईंचा नंबर दिला. ताई बरीच वर्षं हॅलिफॅक्सला होत्या, परत आल्यावर पाचपाखाडीत घरच्याच किचनमधून पार्टीसाठी स्टार्टरचे बॉक्स करून देतात, कॅनडात घरोघरी जे करतात ते. नाव आणि नंबर मी टाकत नाही, त्यांनीच तशी विनंती केली आहे, सगळं एकहाती चालतं, दिवसाला दोनच ऑर्डर घेतात आणि त्याही ओळखीतून. नौपाडा पाचपाखाडी भागातल्या सोसायट्यांमधे विचाराल तर कुणा ना कुणाकडे नंबर निघेलच.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर द्यायची, कमीत कमी दोन दिवस आधी, निम्मे पैसे आगाऊ. आम्ही दहा जणांचा बॉक्स 3,800 ला घेतला, त्यात पेरोगी, पुटीनचं (फ्राईज, चीज आणि ग्रेव्ही) सामान, गार्लिक फिंगर्स (लसूण-चीजच्या पिझ्झ्यासारख्या पट्ट्या), पालकाचं डिप, मेपल चिकन विंग्ज आणि एक मोठा डबा नट्स अँड बोल्ट्स (तिकडचा चिवडा). ऑर्डर घ्यायच्या आधी ताईंनी स्वतःहून फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला की घरात कोण काय खात नाही. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत म्हणल्यावर त्यांनी एकेक पदार्थ घेऊन सांगितलं, पेरोगीच्या पिठात काही जण अंडं घालतात ते मी घालणार नाही, डिपमधलं मेयोनीज बिनअंड्याचं घेईन, आणि वूस्टर सॉसमधे मूळात अँकोव्ही म्हणजे बारीक मासे असतात, तेव्हा नट्स अँड बोल्ट्सला व्हेज वालाच सॉस वापरीन. हे मला खरंच माहीत नव्हतं, मी इतकी वर्षं तो सॉस मंच्युरियनमधे बिनधास्त घालत होते आणि सासूबाईंना वाढत होते. तुमच्याही घरी बाटली असेल तर एकदा मागचं लेबल वाचून घ्या.

बॉक्सची खरी गंमत अशी की त्यात जवळजवळ काहीच पूर्ण तयार येत नाही, ताई सगळं नव्वद टक्क्यांवर आणून ठेवतात आणि शेवटचं काम आपण घरी करायचं. मला आधी हे खटकलं होतं, एवढे पैसे देऊन परत गॅससमोर उभं राहायचं का असं वाटलं. पण सोबत एक हाताने लिहिलेला कागद येतो, मराठीत, स्वच्छ अक्षरात, कुठला पदार्थ कधी सुरू करायचा याचा क्रम लावलेला. आधी ओव्हन तापत ठेवा, मग कांदा टाका, मग ग्रेव्ही बारीक गॅसवर, बटाटे सगळ्यात शेवटी. त्या कागदाप्रमाणे केलं आणि पाऊण तासात सगळं गरमागरम टेबलावर आलं. हॉटेलातून मागवलेलं स्टार्टर डब्यात वाफ धरून मऊ पडलेलं असतं, ते मी कितीतरी वेळा खाल्लंय, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

पेरोगीकडे येते. ही मूळची पूर्व युरोपातली, 1891 पासून युक्रेनची शेतकरी कुटुंबं कॅनडाच्या पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात येऊन राहिली, एडमंटन ज्यात येतं त्या अल्बर्टा प्रांतातही भरपूर, त्यांनी ती सोबत आणली आणि आता एडमंटनकडे ती इतकी घरची झाली आहे की भाऊजी म्हणाले आमच्याकडे चर्चच्या हॉलमधे बायका एकत्र बसून शेकड्याने वळतात आणि विकून चर्चला पैसे जमवतात. हे ऐकून सासूबाईंनी लगेच एक न परतलेली पेरोगी हातात घेतली, उजेडात धरून कड बघितली. मैद्याची पारी, आत उकडलेला बटाटा आणि चेडर चीजचं सारण, अर्धचंद्र आकार, कड बोटांनी चिमटून बंद केलेली. त्या म्हणाल्या, ही तर आपली करंजी, फक्त मुरड नाही घातलेली. आणि खरंच तसंच आहे, फक्त ही तळणीत नाही सोडायची, आधी उकळत्या पाण्यात टाकायची, वर तरंगली की काढायची, मग लोण्यात कांद्यावर परतायची.

ताईंनी उकडण्याचं काम करूनच दिलं होतं, प्रत्येक नग वेगळा राहील असा बटर पेपरवर मांडलेला. मी बिडाच्या तव्यात भरपूर लोणी घातलं, उभा चिरलेला कांदा मंद आचेवर चांगला तांबूस होईपर्यंत परतला, कागदावर लिहिलं होतं की घाई करू नका पंधरा मिनिटं लागतील, तर खरोखर सतरा लागली. मग पेरोगी टाकल्या. एक बाजू खरपूस सोनेरी झाली की उलटायची, दुसरी बाजू थोडी कमीच ठेवायची. चावल्यावर वरून कुरकुरीत, मग पारीचा चिवट मऊपणा, मग आतला बटाटा चीजबरोबर एकजीव झालेला, वर तो गोडसर कांदा. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरी, बास. मला वाटलेलं आपल्या घरात हे फिकं लागेल, माझ्या नवऱ्याला ठेच्याशिवाय घास जात नाही, पण त्याने पहिल्या दोन ठेचा न घेता खाल्ल्या आणि तिसरीला घेतला, आणि ठेच्याबरोबरही ती छान लागते हे मी सांगून ठेवते. भाऊजी मात्र एकही शब्द न बोलता सहा खाऊन मग म्हणाले, अगदी तिकडच्यासारखी, कांदा तर तिकडच्यापेक्षा चांगला.

सोबत सावर क्रीम हवंच, आणि ते पातळ होतं, ही माझी पहिली तक्रार. ताई ते चक्का आणि क्रीम एकत्र करून बनवतात, चव चांगली होती पण चक्का पुरेसा टांगलेला नव्हता, प्लेटमधे ओघळत होतं. दुसऱ्या वेळी मी हे सांगितलं तर रात्रभर टांगलेलं घट्ट आलं, म्हणजे ऐकून घेतात.

पुटीनबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण ठाण्यात, नवी मुंबईत आता बऱ्याच कॅफेंच्या मेनूवर हे नाव दिसतं आणि मी एका ठिकाणी खाल्लेलं ते म्हणजे फ्राईजवर चीज सॉस ओतलेला, बाकी काही नाही. ते पुटीन नव्हे. पुटीन 1950 च्या दशकात क्यूबेक प्रांतातल्या खेड्यापाड्यांत सुरू झालं, पहिलं कुणी केलं यावर तिकडच्या दोन-तीन गावांचं अजून भांडण आहे, आणि त्यात तीनच गोष्टी असतात, बटाट्याच्या फ्राईज, ताज्या चीजचे गोळे ज्याला चीज कर्ड म्हणतात, आणि वरून गरम ब्राऊन ग्रेव्ही. खरी परीक्षा चीज कर्डची. ते ताजं असलं की चावताना दाताखाली किरकिर वाजतं, ओल्या रबरासारखं, आणि एक-दोन दिवसांत तो आवाज जातो.

मी विचारलं की पनीर घातलं तर? ताई म्हणाल्या अहो पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असतं, त्यामुळे ते कितीही तापवलं तरी वितळत नाही, नुसतं गरम होतं. चीज कर्ड रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) लावतात, म्हणून ग्रेव्हीची उष्णता लागली की कडेने मऊ होऊन तार धरतं आणि मधे मात्र आकार टिकून राहतो. त्या गायीचं दूध आणून व्हेज रेनेट वापरून स्वतः लावतात, ज्या दिवशी ऑर्डर असेल त्या दिवशी सकाळी, आणि याचे 350 जास्तीचे घेतात. नको असेल तर मोझरेलाचे तुकडे देतात त्यात पैसे वाचतात. मी म्हणेन 350 द्या. पुतण्याने डबा उघडल्या उघडल्या एक तुकडा तोंडात टाकला आणि ओरडला, आई वाजतंय! मग सगळ्यांनी एकेक तोंडात टाकून कान देऊन ऐकलं, सासूबाईंनीसुद्धा, आणि पुटीन होईपर्यंत पाव डबा असाच संपला.

बटाट्याच्या सळ्या एकदा कमी आचेवर तळून येतात, दुसऱ्यांदा कडक तेलात आपण तळायच्या. मग खोलगट ताटात फ्राईज, त्यावर लगेच कर्ड, त्यावर उकळती ग्रेव्ही, हा क्रम बदलायचा नाही आणि ग्रेव्ही ओतल्यावर थांबायचं नाही, पाच मिनिटांत फ्राईज मऊ पडायला लागतात. तिकडे ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाच्या स्टॉकची असते, ताईंनी सासूबाईंसाठी मश्रूम आणि खूप वेळ परतलेल्या कांद्याची केली होती, रंग गडद तपकिरी, चवीला खमंग, थोडी मिरीची. कुणालाही काही कमी आहे असं वाटलं नाही. जावेने एकच बदल सुचवला, ग्रेव्ही अजून वाटीभर हवी होती.

आणि ज्यांना हे सगळं नको असेल पण कर्ड आणि ग्रेव्ही तेवढी हवी असेल त्यांनी फ्राईज फ्रोझन घ्या, चालतात. गंमत म्हणजे आपल्या सगळ्यांच्या फ्रीझरमधे पडलेलं मॅककेन हे मुळात कॅनडाचंच, न्यू ब्रन्सविकमधल्या फ्लॉरेन्सविल नावाच्या छोट्या गावात 1957 ला सुरू झालेलं, आणि इकडे त्यांचा कारखाना गुजरातमधे मेहसाण्याला आहे. म्हणजे आपण इतकी वर्षं नकळत अर्धं पुटीन खातच होतो.

गार्लिक फिंगर्स हा ताईंचा स्वतःच्या भागातला, अटलांटिक किनाऱ्याकडचा पदार्थ. पिझ्झ्याचाच बेस, पण टोमॅटो सॉस नाही, लसूण घातलेलं लोणी आणि भरपूर चीज, आणि त्रिकोणी न कापता लांब लांब पट्ट्या कापायच्या. त्यासोबत डोनेर सॉस येतो आणि इथे मला जरा धीर गोळा करावा लागला, कारण तो कंडेन्स्ड मिल्क, व्हिनेगर आणि लसणाची पावडर यांचा असतो. दुधात लसूण! पण व्हिनेगरने ते दूध घट्ट होतं आणि गोड, आंबट, लसूणी असं काहीतरी होतं की पहिला घास विचित्र, दुसरा बरा आणि चौथ्याला आपण वाटी स्वतःकडे ओढलेली असते. हॅलिफॅक्स शहराने 2015 मधे डोनेरला शहराचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केलं, डोनेर म्हणजे मांसाचा रोल, त्यावरचाच हा सॉस, तर ताईंना त्याचा अभिमान असणं साहजिक आहे. नणदेला मात्र नाही आवडला, तिने शेजवान चटणी लावून खाल्लं. एक सूचना, ओटीजी किंवा ओव्हन नसेल तर गार्लिक फिंगर्स घेऊ नका, तव्यावर खालून करपतं आणि वरचं चीज तसंच राहतं, दुसऱ्या वेळी लाईट गेली तेव्हा करून बघितलंय.

पालकाचं डिप सुरेख होतं. मोठा गोल पाव वरून कापून आतला गर काढायचा, त्या खळग्यात थंड डिप भरायचं आणि काढलेल्या गराचे तुकडे बाजूला मांडायचे, बुडवून खायला. आपण भाकरीला बोटाने खळगा करून त्यात तेल-चटणी घेतो, मला तेच आठवलं. तिकडे यात डब्यातले वॉटर चेस्टनट घालतात, ते वेगळ्या झाडाचं कंद, पण ताईंनी आपला ताजा शिंगाडा बारीक चिरून घातला होता आणि मधेच करकर लागायचा तो फार छान वाटला. शेवटी तो पावसुद्धा तोडून खातात, हे मुलांनी दाखवलं.

विंग्ज निराशाजनक. म्हणजे वाईट नव्हत्या, पण मेपल कुठेच लागला नाही, सोया आणि लाल तिखटात बुडून गेला होता, चायनीजच्या गाडीवर मिळतात तशाच लागल्या. आणि मेपल सिरप काय स्वस्त नाही हो. मेपलच्या झाडाचा साधारण 40 लिटर रस आटवला की 1 लिटर सिरप होतं, तोही हिवाळा संपताना रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब असे थोडेच आठवडे मिळतो, आणि जगातलं बहुतेक सिरप एकट्या क्यूबेकमधून येतं. इतकी महाग वस्तू वापरायची तर तिची चव तरी लागू दे. ताईंना मी हे स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या इकडची गिऱ्हाईकं तिखट मागतात. असेलही, पण ज्याला तिखट हवंय तो वर घेईल ना. दुसऱ्या ऑर्डरला भाऊजींनी बॅगेतून आणलेली गडद रंगाची बाटली त्यांना नेऊन दिली, स्वयंपाकाला गडदच घ्यायचं असतं, फिक्या रंगाचं सिरप चवीला नाजूक असतं ते पॅनकेकवर, आणि त्या विंग्ज मग खरंच वेगळ्या झाल्या, खमंग, थोडा धुरकट गोडवा. तुम्ही दुकानातून घेणार असाल तर बाटलीवर "प्युअर" लिहिलंय का बघा, "मेपल फ्लेवर" म्हणजे बहुधा नुसता साखरेचा पाक आणि वास.

नट्स अँड बोल्ट्स म्हणजे तिकडचा नाताळचा चिवडा. जाळीदार सीरियल, प्रेट्झेल, शेंगदाणे, सगळ्याला लोणी, वूस्टर सॉस आणि लसूण पावडर चोळून मंद ओव्हनमधे तासभर, मधे मधे हलवत. सासूबाईंनी चाखून बघितलं आणि म्हणाल्या, छान आहे पण कढीपत्ता हवा होता. चार दिवस पुरला, चहाबरोबर सगळ्यात जास्त त्याच खात होत्या.

डिलिव्हरीचं सांगायचं राहिलं. ताई स्वतः पोचवत नाहीत, आपणच कुणाला तरी पाठवायचं किंवा ॲपवरून रायडर बोलवायचा. पहिल्या वेळी आम्ही रायडर बोलावला, तो कॅडबरी जंक्शनच्या ट्रॅफिकमधे अडकला, पाऊण तास उशीर आणि डोनेर सॉसची अर्धी वाटी पिशवीत सांडलेली. त्यात ताईंची चूक नाही पण झाकणाला एक टेप लावली असती तर वाचलं असतं. दुसऱ्या वेळी नवरा स्कूटरवर जाऊन घेऊन आला. तुम्हीही स्वतः जा, आणि जाताना पुढे सपाट जागा असलेली गाडी न्या.

दहा जणांचा बॉक्स आठ जणांना पुरतो, हेही मनात धरा. जेवण म्हणून पुरणार नाही, आम्ही मागाहून मुगाची खिचडी टाकली आणि ती मस्त लागली त्या सगळ्या चीजनंतर.

ग्रेव्ही आणि सॉस काचेच्या बरण्यांत येतात, परत केल्या की 50 रुपये मिळतात. मी रिकाम्याच द्यायला निघाले होते, सासूबाईंनी थांबवलं, कुणाची बरणी अशी रिकामी पाठवतात का, आणि एकीत लिंबाचं गोड लोणचं भरलं, दुसरीत मेतकूट. संध्याकाळी ताईंचा मेसेज आला की हॅलिफॅक्सला असताना मेतकुटासाठी जीव तळमळायचा, आईचं संपलं की वर्षभर वाट बघायची. सासूबाईंना वाचून दाखवला तर म्हणाल्या, फोन लाव. अर्धा तास बोलल्या दोघी, बहुतेक पेरोगीच्या पारीवरच, पीठ किती वेळ मुरवायचं, मैदा कोमट पाण्यात भिजवायचा की गार.

भाऊजी 4 तारखेला गेले. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आमच्या भिशीसाठी मी परत सांगितलंय, 60 पेरोगी आणि दुप्पट ग्रेव्ही, त्यातल्या 20 सासूबाईंच्या सांगण्यावरून मटारच्या सारणाच्या. ताई म्हणाल्या करून बघते, पण कड सासूबाईंनीच येऊन मुरडून द्यायची.